राख स्वस्त, गाळणी महाग

कारखान्यांच्या टाकाऊ मालापासून पाणी शुद्ध करणारी गाळणद्रव्ये तयार करता येतात, अशा आशयाची बातमी वर्षातून दोनचारदा तरी आपल्या वाचनात येते. कोठे औष्णिक वीजकेंद्राची राख, कोठे पोलादभट्टीची मळी, कोठे भातगिरणीतील तूस. त्यातून कोणा संशोधकाने रंग शोषणारे, शिसे पकडणारे किंवा फॉस्फेट अडवणारे द्रव्य सिद्ध केलेले असते. ठाणे, कल्याण वा डोंबिवलीच्या वाचकाला असे वृत्त वाचून बरे वाटावे यात नवल नाही. त्याच्या दाराशी दोन्ही गोष्टी मुबलक आहेत, टाकाऊ मालही आणि घाण पाणीही. एकाने दुसऱ्याचा निकाल लागत असेल तर याहून सुखाचा योग कोणता? परंतु मग साहजिकच प्रश्न पडतो, की हे शास्त्र निदान चाळीस वर्षे जुने असताना आपल्या नाल्यांच्या काठी या गाळण्या नजरेस का पडत नाहीत?

शास्त्र नवे नाही हे आधी स्पष्ट करावयास हवे. बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी राखेच्या साहाय्याने पाण्यातील तांबे काढून टाकण्याचे प्रयोग १९८५ साली ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. नागपूरच्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, राखेपासून झिओलाइट बनविण्याची पद्धत विकसित केली. राखेत सिलिका आणि अॅल्युमिना हे दोन घटक भरपूर असतात. ती कॉस्टिक सोड्याबरोबर तापविली, की तिच्या कणांची घडण बदलते आणि त्यातून सूक्ष्म पोकळ्यांचे असे स्फटिक तयार होतात, की ते आपल्यातील सोडियम सोडून देऊन पाण्यातील जड धातू धरून ठेवतात. कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मृदू करण्यासाठी घालतात तो झिओलाइट याच कुळातला.

या साऱ्या प्रकारात मूळ तत्त्व एकच असते. गाळणी म्हटले की आपल्यासमोर चहाची गाळणी येते. तिच्या भोकांपेक्षा मोठे ते वर राहते. पाण्यात विरघळलेला रंग किंवा धातू असा अडत नाही. तो पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटावा लागतो. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तीन मडक्यांची जी गाळणी असे, तिच्यातील वाळू गाळ अडवीत असे आणि कोळसा वास व रंग चिकटवून घेत असे. तेव्हा पृष्ठभाग जितका अधिक तितके काम अधिक. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये पाचशे ते हजार चौरस मीटर पृष्ठभाग सामावलेला असतो. वीजकेंद्रातून जशी निघाली तशीच उचललेली राख या बाबतीत फारच दरिद्री असते. पुढील सारा हिशेब या एका फरकावर उभा आहे, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवलेला बरा.

टाकाऊ मालाच्या गाळण्या यशस्वी झालेल्याच नाहीत असे मात्र मुळीच नाही. त्यांतील एक तर आपल्या पुण्याची. टाटा समूहाच्या तेथील संशोधन केंद्राने भाताच्या तुसाची राख वापरून ‘सुजल’ नावाची घरगुती गाळणी तयार केली. २००४ च्या त्सुनामीनंतर आपद्‍ग्रस्तांना ती वाटण्यात आली, आणि तिच्यातूनच पुढे डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आली. किंमत होती ७४९ आणि ९९९ रुपये. तुसाची राख बहुतांशी सिलिकाची असते. तिच्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसविले, की पाण्यातील जंतूंचा नाश होतो. उल्हास नदीच्या वरच्या अंगाला, कर्जत-नेरळच्या भातपट्ट्यात राहणाऱ्यांना तुसाचे ढीग काही नवे नाहीत. पण या गाळणीतील सर्वांत शहाणपणाचा भाग राख हा नव्हता आणि चांदी हाही नव्हता. सुमारे तीन हजार लिटर पाणी गाळून झाले की तिचा गाळणसंच पाणी सोडणे आपोआप बंद करीत असे. आपले आयुष्य संपले हे गाळणी स्वतःच सांगत असे. या मुद्द्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

दुसरे उदाहरण बांगलादेशातील. तेथील विहिरींच्या पाण्यातील आर्सेनिक काढण्यासाठी तयार झालेल्या ‘सोनो’ गाळणीत बिडाचा कीस वापरतात, म्हणजे यंत्रशाळेत लेथवर बीड कातताना खाली पडणारा. २००७ साली तिला अमेरिकेत दहा लक्ष डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. वागळे इस्टेटच्या भरभराटीच्या काळात असा कीस तेथे पोत्यांनी निघत असे आणि भंगारवाल्याकडे जात असे.

ही दोन्ही उदाहरणे घरातील पिण्याच्या पाण्याची आहेत, हे वाचकाने लक्षात घ्यावे. जो गाळणीचे पैसे देतो त्याच्याच पोटात शुद्ध पाणी जाते. म्हणून तो पैसे देतो. नाल्यात सोडावयाच्या पाण्याला असा ग्राहक कोण?

आता आपल्या नद्यांकडे वळू. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर असे करीत कल्याणला येते आणि पुढे खाडीला मिळते. मोहने येथे तिचे पाणी उचलून कल्याण-डोंबिवलीला पाजले जाते. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले ते मंदिर ज्यांनी बांधले त्यांनी पाण्याची सोय पाहूनच जागा निवडली असणार. पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे येताना याच वालधुनीने जीन्स रंगविणाऱ्या व धुणाऱ्या कारखान्यांचे निळे पाणी वर्षानुवर्षे वाहिले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात तिच्यात ओतलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच वर्षीच्या जानेवारीत डोंबिवलीने हिरवा पाऊस पाहिला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहावयास खुद्द मुख्यमंत्री आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यांतील ५५ महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. ‘वनशक्ती’ या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१५ मध्ये सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्थांवर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा भुर्दंड बसविला. त्यापुढील कहाणी न्यायालयांची आहे. तिच्यात येथे शिरत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘बाह्य परिणाम’ हे प्रकरण शिकविताना पाठ्यपुस्तकात धुराड्याचे आणि धोब्याचे उदाहरण असते. धुराड्याच्या काजळीने धोब्याचे कपडे काळे होतात. पण त्याची भरपाई कारखान्याच्या हिशेबवहीत कोठेच दिसत नाही. डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण द्यावेच लागत नाही, ते खिडकी उघडून पाहतात. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालच्या आपल्या ग्रंथात सुचविलेला उपाय असा, की दुसऱ्याचे जे नुकसान होते तेवढा कर नुकसान करणाऱ्यावर बसवावा. मग नुकसान टाळणे त्यालाच परवडू लागेल. आपल्याकडे या विचाराच्या जवळ जाणारा एक कायदा होता. १९७७ च्या जल उपकर कायद्यान्वये कारखान्यांनी वापरलेल्या पाण्यावर दर हजार लिटरला काही पैसे उपकर द्यावा लागे, आणि शुद्धीकरणाची यंत्रणा बसविणाऱ्यास त्यात सूट मिळे. तो उपकर वापरलेल्या पाण्यावर होता, सोडलेल्या घाणीवर नव्हता. शिवाय पैशांत मोजला जाई, रुपयांत नव्हे. तरीही नदी फुकट नाही, एवढे तरी त्याने कागदावर लिहून ठेवले होते. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होताना अनेक किरकोळ उपकरांबरोबर तोही रद्द झाला. कोणी फारसे हळहळल्याचे दिसले नाही.

नाल्याची किंमत शून्य असेल तर त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या गाळणीची किंमत कितीही कमी करा, ती महागच. राखेवरील संशोधनप्रबंधांत ‘स्वल्पमूल्य’ हा शब्द मोठ्या हौसेने वापरलेला असतो. परंतु कशाच्या तुलनेत स्वल्प? सक्रिय कोळशाच्या तुलनेत. रात्री उघडणाऱ्या झडपेच्या तुलनेत नव्हे.

आणि कोळशाच्या तुलनेत तरी ती खरोखर स्वस्त आहे काय? उदाहरणापुरते आकडे घेऊ. एका कारखान्याला आपल्या सांडपाण्यातून रोज दहा किलो रंग काढावयाचा आहे. एक किलो चांगला कोळसा दोनशे ग्रॅम रंग धरतो असे समजा. मग रोज पन्नास किलो कोळसा लागेल, वर्षाला साधारण अठरा टन. प्रक्रिया न केलेली राख किलोमागे दहाच ग्रॅम रंग धरीत असेल, तर रोज एक टन राख लागेल, वर्षाला ३६५ टन. राख फुकट मिळाली तरी ती डोंबिवलीपर्यंत आणण्याचे भाडे पडते. पीठासारखी बारीक राख तशीच नळकांड्यात भरली तर तिचा चिखल होतो आणि पाणी तुंबते. म्हणून तिच्या गोळ्या वळाव्या लागतात. तिची शोषणशक्ती वाढवावयाची तर कॉस्टिक सोडा आणि उष्णता यांचा खर्च आला, शिवाय त्या कॉस्टिकचे उरलेले पाणी आलेच. कोळसा भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतो. राखेच्या बाबतीत तो खटाटोप सहसा परवडत नाही.

येथवरचा खर्च एखादा हिशेबी कारखानदार मांडू शकेल. खरा खर्च यानंतर सुरू होतो. गाळणीत शिरलेला रंग नाहीसा झालेला नाही, तो राखेत जाऊन बसला आहे. एअर्स आणि नीस या अर्थशास्त्रज्ञांनी १९६९-७० च्या सुमारास एक साधी गोष्ट अर्थशास्त्राला शिकविली: जेवढे वजन उत्पादनात आत जाते तेवढे कोणत्या ना कोणत्या रूपाने बाहेर पडतेच, कोणतीही शुद्धीकरण यंत्रणा पदार्थ नष्ट करीत नाही, त्याची जागा बदलते. पाण्यातून काढले ते घन कचऱ्यात आले, जाळले ते हवेत गेले. गाळणीच्या आरंभी एक टन निरुपद्रवी राख होती. शेवटी एक टन, आणि ओलाव्यामुळे त्याहून जडच, विषारी राख उरली. म्हणजे अठरा टनांऐवजी ३६५ टन धोकादायक कचरा. तो कायद्याप्रमाणे तळोज्याच्या सुरक्षित भरावाकडे पोचवावयाचा, तर भाडे आणि शुल्क टनावर द्यावे लागते. स्वस्त राखेची गाळणी शेपटाकडून महाग होते ती अशी.

हा शेपटाचा खर्च टाळण्याचा मोह किती मोठा असेल हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्या माणसाने रंगीत पाणी रात्री सोडले, तो रंगीत राख दिवसा भरावाला विकणार नाही याची हमी कोणती? पाणी निदान वाहताना दिसते, त्याचा रंग पाहून नागरिक ओरड करतात. राख चाळीच्या जोत्याखाली, रस्त्याच्या भरावात, खाडीकाठच्या खाजणात निमूटपणे पडून राहील आणि प्रत्येक पावसाळ्यात थोडी थोडी पाझरत राहील. ‘कचऱ्यातून संपत्ती’ या घोषणेचा मला वाटणारा धोका हा आहे. कचऱ्याला उत्पादन असे नाव दिले, की त्याच्यामागे फिरणारी नियमांची नजर सुटते. २०१६ च्या धोकादायक कचराविषयक नियमांत असा माल दुसऱ्या उद्योगाला कच्चा माल म्हणून वापरू देण्याची तरतूद आहे, परंतु त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि ठरलेली कार्यपद्धती लागते. ही अट उद्योजकांना जाच वाटते. माझ्या मते ती या व्यवहारातील एकमेव शहाणी गोष्ट आहे.

मग राखेला मोल येतच नाही की काय? येते, आणि ते कसे आले हे आपल्या देशानेच दाखवून दिले आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार १९९६-९७ साली वीजकेंद्रांतून सुमारे ६९ दशलक्ष टन राख निघाली आणि तिच्यातील दहा टक्क्यांहूनही कमी वापरली गेली. २०२१-२२ साली राख झाली सुमारे २७१ दशलक्ष टन, आणि वापर सुमारे ९६ टक्के. मधल्या काळात राखेचे रसायनशास्त्र बदलले नाही. बदलली ती सरकारी अधिसूचना. १९९९ साली वीजकेंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांना राख वापरणे भाग पाडले, २००३ साली ती मर्यादा शंभर आणि २०१६ साली तीनशे किलोमीटर झाली. पुढे डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राख पडून ठेवणाऱ्यावर दंड बसविला. आज डहाणूच्या किंवा नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या राखेला सिमेंट आणि काँक्रीटवाल्यांची मागणी आहे. ९६ टक्क्यांत सखल जमिनी आणि जुन्या खाणी बुजविण्याचाही वाटा आहे, तेव्हा त्या आकड्याने फार हुरळून जाऊ नये हे खरे. तरीही टाकण्याला किंमत लागली म्हणून वापराला गती आली, हा कार्यकारणभाव नाकारता येणार नाही. आणि गाळणीवाल्यांसाठी एक गमतीची अडचण त्यातून निर्माण झाली: ज्या राखेला सिमेंटवाला पैसे मोजतो, ती आता फुकटचा कच्चा माल राहिलेली नाही.

डोंबिवलीच्या सांडपाण्यालाही हाच न्याय लावला पाहिजे. १९७७ च्या उपकराची जागा नव्या आकारणीने घ्यावी. ती वापरलेल्या लिटरांवर नसावी, सोडलेल्या प्रदूषकांच्या किलोंवर असावी. दर असा असावा, की गाळणीचा आणि तिच्या शेपटाचा खर्च मिळूनही गाळणे स्वस्त पडेल. गाळणद्रव्य राखेचे घ्यावे, कोळशाचे घ्यावे की मुळात रंगच कमी वाया घालवावा, हे मग कारखानदाराने आपल्या पेन्सिलीने ठरवावे. बहुधा तिसरा पर्याय सर्वांत किफायतशीर निघेल. त्याबरोबरच, गाळणद्रव्य पुरविणाऱ्यानेच वापरलेले द्रव्य वजन करून परत घ्यावे असे बंधन हवे. आत गेलेले आणि बाहेर आलेले वजन जुळले नाही तर चौकशी व्हावी. ‘स्वच्छ’ गाळणी आपले आयुष्य संपल्यावर स्वतः थांबत असे. कारखान्यातील गाळणी थांबत नाही, तिच्यातून रंगीत पाणी तसेच पुढे जात राहते. तिला थांबविणारा तराजू बाहेर असावा लागतो.

लहान कारखाने यात मरतील, असा आक्षेप येईल. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या वसाहतींवर हजारो घरांच्या चुली पेटतात, आणि माझ्या वर्गातील कित्येकांची फी त्याच पगारातून येते. सुरतेचे उदाहरण मात्र येथे उपयोगी पडेल. तेथील कापड आणि इतर कारखान्यांच्या धुरातील कणांसाठी २०१९ साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवान्यांचा बाजार उभा केला: एकूण प्रदूषणाला मर्यादा, आणि ज्याला कमी करणे स्वस्त पडते त्याने उरलेला परवाना दुसऱ्याला विकावा. संशोधकांच्या पाहणीत या व्यवस्थेतील कारखान्यांचे प्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी घटलेले आढळले, आणि तेही धंदे बंद न पाडता. धूर आणि पाणी एक नव्हे. पण चिमणीवर अखंड मोजणारे यंत्र बसू शकते तर सांडपाण्याच्या नळावर का नाही? उलट बंदीचा अनुभव आपल्यापाशी आहेच. न्यायालयीन कारवाईच्या रेट्याने उल्हासनगरातील जीन्सचे कारखाने बंद झाले तेव्हा त्यांतील काही आसपासच्या गावांकडे सरकले. निळे पाणी पत्ता बदलून राहू लागले, इतकेच.

आता जेथे टाकाऊ मालाची गाळणी खरोखर शोभेल अशा एका जागेविषयी. उल्हास नदीच्या वरच्या पट्ट्यातील मुख्य दुखणे रंगाचे नाही, शहरांच्या आणि गावांच्या मैलापाण्याचे आहे. त्यातील फॉस्फेट आणि नायट्रोजन यांवर मोहन्याची जलपर्णी पोसते. मैलापाण्यावर राखेचा काही उपाय नाही, त्याला जंतूंच्या साहाय्याने चालणारी प्रक्रिया केंद्रेच हवीत. मात्र त्या केंद्रांतून निघालेल्या पाण्यात जो फॉस्फेटचा अंश उरतो, तो पोलादभट्टीच्या मळीने आणि तुरटीच्या गाळाने अडविता येतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून तुरटीचा खडा फिरविणारी आपली आजी जे करीत असे, तेच जलशुद्धीकरण केंद्रात मोठ्या प्रमाणावर होते, आणि तळाशी अॅल्युमिनियमयुक्त गाळ बसतो. हा गाळ फॉस्फेट घट्ट धरतो. डब्लिनच्या विद्यापीठात त्यावर वर्षानुवर्षे काम झाले असून तो वाळवून पाणवनस्पतींच्या वाफ्यांत पसरण्याची पद्धत तेथे विकसित झाली आहे. मोहिली, बारावे आणि नेतिवली येथे आपलीच जलशुद्धीकरण केंद्रे आहेत. वाहतूक थोडी, कच्चा माल महापालिकेचा, ग्राहकही महापालिकाच, आणि ज्या पाण्यातून तो गाळ निघाला त्याच नदीच्या उपयोगी तो पडावयाचा. पाणी आम्लधर्मी असेल तर त्यातून अॅल्युमिनियम सुटू शकते, म्हणून चाचणी हवी. आणि ज्या मैलापाण्यात कारखान्याचे पाणी चोरून सोडलेले असते, तेथे हा गाळही रंगाच्या राखेइतकाच विषारी होईल.

सुरुवात एका नाल्यापासून करता येईल. मोहन्याच्या वरच्या अंगाला नदीला मिळणारा एक नाला निवडावा, त्याच्या मुखाशी वाळविलेल्या गाळाचा वाफा बांधावा, आणि एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्यातील फॉस्फेट मोजावे. मोजणीचे काम येथील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांना सोपवावे. प्रयोगशाळा आहेत, विद्यार्थी आहेत, आणि परीक्षेसाठी तेच ते क्षार ओळखत बसण्यापेक्षा ते काम त्यांना अधिक आवडेल. आकडे दर महिन्याला प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावेत. त्यात खर्चाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा: वाफ्यातून काढलेल्या गाळाचे वजन किती भरले, आणि तो कोणत्या गाडीतून कोठे गेला.